खाली दहा, वर दहा

पहिलीच्या वर्गाच्या बाईंना सगळी शाळा पट्टीबाई म्हणायची. पट्टी त्यांच्या हातात असायचीच, पण मुलांना खरा धाक होता तो खडूचा. वजाबाकीच्या तासाला मुलांनी दोन्ही हात बाकावर पालथे ठेवायचे आणि बाई प्रत्येक हातावर खडूचा एकेक तुकडा ठेवायच्या. बोट हललं की खडू घरंगळायचा, आणि खडू घरंगळला की पट्टी बसायची.

"बोटं मोजायला नाहीत, जेवायला दिलीत," बाई म्हणायच्या. "तेरातून पाच गेले किती? आठ! स्वतःचं नाव सांगताना विचार करता का रे? तसं आलं पाहिजे तोंडातून."

बाई भावाच्या घरी, मागच्या खोलीत राहायच्या. तिथे वहिनी त्यांना भाजी कुठली करू एवढंही विचारत नसे. शाळेत मात्र त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नव्हतं. "माझ्या वर्गात कुणी मोजत नाही," हे वाक्य त्या शिक्षकांच्या खोलीत रोज चहाबरोबर घ्यायच्या.

वर्गात एक बुटकी होती. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. बुटकीला पाठांतर म्हणून जमायचं नाही. संध्याकाळी घोकलेलं सकाळी धुऊन गेलेलं असायचं. तिची आई घरी बसून लोकांचे कपडे शिवायची. मोठ्या मुलाला शाळेने आधीच जिन्याखालच्या खोलीत बसवलं होतं. ज्यांना गणित येत नाही त्यांचा तो वर्ग. पोरं त्याला भोपळा वर्ग म्हणायची. तिथे गेल्यापासून तो घरातही विचारल्याशिवाय तोंड उघडत नव्हता.

"बाई, हिला तेवढं खाली पाठवू नका," आई एकदा फाटकापाशी म्हणाली. "मारा, झोडा, काय वाटेल ते करा. पण ही बोलती राहू दे मला."

बाईंनी त्यातलं मारणं तेवढं मनावर घेतलं. बुटकीच्या हातांचा रंगच बदलला. आणि मग एक दिवस तिची उत्तरं बरोबर यायला लागली. जरा सावकाश, पण बरोबर. हात दगडासारखे स्थिर. फक्त गाल हलायचा.

"काय चघळतेयस? थुंक."

तोंडात काहीच नव्हतं. बाईंनी पट्टीने हनुवटी वर करून पाहिलं. तांदळाच्या दाण्यांसारखे बारीक दात, बाकी काही नाही.

"बघा," त्या दिवशी चहाच्या वेळी बाई म्हणाल्या, "पट्टीने दगडालासुद्धा पाठ होतं."

तोंडी परीक्षेला मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः वर्गात आल्या. सोबत दुसरीच्या बाई होत्या. पट्टीबाईंची बढाई त्यांना रोज ऐकावी लागे. बुटकी उभी राहिली.

"आठातून तीन?"

"पाच."

"तेरातून पाच?"

गाल हलला. "सात."

"बारातून चार?"

"सात."

"पंधरातून नऊ?"

"पाच."

"चुकतेय, पण मोठ्या शिस्तीत चुकतेय," मोठ्या बाई म्हणाल्या. "दहाच्या वर गेलं की दर वेळी एक कमी. हा काय प्रकार?"

बुटकीचं तोंड रडण्याने वाकडं झालं, तेव्हा पट्टीबाईंना ते दिसलं. खालच्या ओळीत पुढचा एक दात नव्हता. त्या फटीत जिभेचं टोक आलं, चाचपडलं, शेजारच्या दातावर टेकलं आणि पुढे सरकलं.

खाली दहा, वर दहा. पोरीने हात सोडून दात धरले होते. तेरातून पाच काढायचे तर वरचे तीन सोडायचे, खालचे दोन सोडायचे, आणि खाली उरले तेवढे जिभेने मोजायचे. कालपर्यंत हिशेब चोख होता. आज खालच्या दहातला एक कमी होता.

हिचा दात पडलाय, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग मोठ्या बाईंनी विचारलं असतं, दाताचा काय संबंध? आणि दुसरीच्या बाई आत्ताच ओठ दाबून उभ्या होत्या.

"काही सांगायचंय का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नाही," पट्टीबाई म्हणाल्या. "घोकत नाही मेली. दुसरं काय?"

शाळा सुटल्यावर आई फाटकापाशी उभी होती. तिच्या मुठीत कापडाच्या चिंधीत बांधलेला दात होता.

"सकाळी चूळ भरताना पडला हो. हमसून हमसून रडली. म्हणे, आई, परत बसव, माझं गणित गेलं! आम्ही पोट धरून हसलो. तिचा भाऊसुद्धा हसला, कित्येक दिवसांनी." मग आईने चिंधी पुढे केली. "बाई, काय म्हणत होती ती? तुम्हाला काही कळतंय का?"

बाईंनी दाताकडे पाहिलं.

"पोरं काहीही बरळतात," त्या म्हणाल्या. "दात काय, येईल परत. डोकं नाही यायचं."

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या खोलीत एक बाक जास्तीचं लागलं. वर पहिलीच्या वर्गात बाईंनी सगळ्यांच्या हातांवर खडू ठेवले, फळ्याकडे वळल्या आणि थबकल्या.

"आता उत्तरं तोंडाने नकोत. मी सांगेन तेव्हा पाटीवर लिहायची," त्या म्हणाल्या. "तोवर जिभा बाहेर."

पोरांना गंमत वाटली, दोघंतिघं खिदळली. पट्टी बाकावर आपटली. मग सगळ्यांनी जिभा बाहेर काढल्या, आणि बाई रांगांमधून फिरत राहिल्या, कुणाची आत जातेय का ते बघत.