ताईच्या फोटोवरचा हार

अमरावतीहून अकोल्याच्या एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, तिकीट तं घ्या. नुसतं तोंड पाहून अकोल्याले नेत नाई आमी." गाडी हसली. मला हसू येईना. नऊ वर्षांचा असताना ज्या बहिणीच्या तेरवीत (तेराव्याच्या जेवणात) मी दोनदा बुंदी मागून घेतली होती, तिलाच भेटायला निघालो होतो.

मागच्या आठवड्यात आईनं फोनवर सांगितलं. ताई तापानं गेली नव्हती. तिनं परजातीत लग्न केलं म्हणून बाबांनी जित्या पोरीची तेरवी घातली. गावाला सगळं ठाऊक होतं. तापाची गोष्ट फक्त माझ्यासाठी होती. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, त्याचा मला अभिमान आहे. पण तिला जाळलं कुठं, हे मी कधी विचारलंच नाही.

मूर्तिजापूर गेलं, काळी रानं मागे पडत राहिली. ताईसाठी घेतलेली साडी घाबरगुंडीत गाडीच्या फळीवरच विसरलो. आईनं दिलेल्या पत्त्यावर, अकोल्याच्या जठारपेठेत, रिकाम्या हातानं तिचं दार वाजवलं.

तिनं ओळखलं. आत घेतलं. मग भाकरी, ठेचा वाढला आणि विचारलं, "माह्या तेरवीले काय केलं होतं रे?"

मी घास खाली ठेवला. "वांग्याची भाजी, पुरी... बुंदी."

"बुंदी? मले कधी आवडली ती!" ती हसली, मग पदरानं डोळे पुसले.

"घरी चाल, ताई."

"हार घातलेल्या फोटोखाली येऊन बसू? अन् बाबानं सोता बोलावलं तं येईन."

आकोटमार्गे गावी, हिवरखेडला पोचलो तेव्हा बाबा बैठकीतच होते. भिंतीवर ताईचा फोटो, शेजारी माझा पदवीचा. तसाच स्टुलावर चढलो.

"हार काहून काढून राहिला?"

"जित्या माणसाले हार लागत नाई, बाबा."

"अन् गावाले काय तोंड दावू मी?"

"तवा गावाले जेवायले बोलावलं होतं ना? पुन्हा बोलवा."

बाबा उठून ओट्यावर जाऊन बसले, पाठमोरे. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बुंदी करू नोका यावेळी. तिले आवडत नाई."

निघताना ताईचा नंबर कागदावर लिहून बाबांच्या चष्म्याखाली ठेवला. त्यांनी पाहिलं. कागद फेकला नाही.

परतीच्या गाडीत तो सुकलेला हार माझ्या पिशवीत होता. इतकी वर्षं मी घरी येत-जात होतो, त्या फोटोला नमस्कार करून निघत होतो. प्रवास म्हणावा असा हा पहिलाच. अकोला आलं तसा ताईला फोन लावला.

लाइन बिझी होती.

पुन्हा लावला. बिझीच. मग बाबांना लावून पाहिला. तोही बिझी.