दोन कॉलेजं आणि दिराचा एक शब्द

जून महिना, दुसरा शनिवार. ठिकाण लातूर. हजर: मी, माझी मुलगी, माझा धाकटा दीर आणि त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ. गैरहजर: माझा नवरा. पेरणी तोंडावर आली होती आणि शेत मोकळं सोडून जाण्यासारखे दिवस नव्हते. गाडी मी चालवली.

काम एकच होतं. मुलीची स्पीच थेरपीची पदवी झाली होती. पुढच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी तिला दोन ठिकाणी जागा मिळत होती, एक लातूरला आणि एक नांदेडला. दोन्ही बघून आठवड्याभरात कळवायचं होतं.

कॉलेज बघायला गेलेली माणसं वसतिगृह, मेस, वाचनालय बघतात. तेही मी बघणार होतेच. पण आमच्याकडे देवणीच्या बाजारात बैल घेताना माणूस दात बघतो, खुरं बघतो आणि शेवटी म्हणतो, जुंपून दाखवा. कॉलेजही जुंपून बघावं असं मी ठरवलं आणि म्हणून दिराला सोबत घेतलं. वाचा गेलेला माणूस समोर बसवला की तिथली माणसं काय करतात ते दिसेल. मुलीला हे पटलं नव्हतं. "आई, काका पेशंट आहे, नमुना नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, गाडीत बस.

दिराची वाचा धुऱ्यावर गेली. चाकूरजवळच्या आमच्या शेताला लागून चुलत दिराचं शेत आहे. दोन्ही शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, तो दर नांगरटीला एक तास आमच्याकडे सरकवायचा. एक तास म्हणजे नांगराची एक ओळ. भांडायला लाज वाटावी इतकी कमी जमीन, पण दर वर्षी. एका उन्हाळ्यात दीर ट्रॅक्टरच्या आडवा उभा राहिला. चुलत दिराने आधी शिव्या दिल्या, मग खाली उतरून कुऱ्हाड उलटी धरली आणि तिचा जाड भाग त्याच्या डोक्यात डाव्या बाजूने घातला. दीर पडल्यावरही त्याने आणखी एक घाव बरगडीवर घातला. माझा नवरा पोचला तेव्हा नांगरट पुन्हा सुरू झाली होती आणि दिराभोवतीची ढेकळं लाल झाली होती.

दीर वाचला. उजवा हात निम्मा गेला आणि बोलणं सगळं गेलं, एक शब्द सोडून. तो शब्द म्हणजे "तोडतो". पाणी हवं असलं तरी तोडतो, नातेवाईक भेटले तरी तोडतो, लहान पोराला मांडीवर घेतलं तरी तोडतो. मेंदूला असा मार लागला की कुणाकडे एखादा शब्द उरतो, असं मुलीने आम्हाला समजावलं होतं. कुणाकडे देवाचं नाव उरतं, कुणाकडे शिवी. कुठला उरावा हे आपल्या हातात नसतं.

गावाला हे कोण सांगणार? चुलत दिराने मात्र त्या शब्दाचा उपयोग बरोबर ओळखला. तो मोबाइल काढून दिरासमोर उभा राहायचा, "बोल, बोल," म्हणायचा आणि दीर "तोडतो" म्हणाला की ते रेकॉर्ड करून पोलिसांत अर्ज द्यायचा, मला जिवे मारायची धमकी देतो म्हणून. कुऱ्हाड ज्याच्या हातात होती तो जामिनावर हॉटेलात चहा पीत होता. बघणारे दोघे साक्षीदार फितूर झाले होते. वकील म्हणत होते, आता जखमी माणूस स्वतः काही सांगेल तरच केसमध्ये जीव आहे.

तर लातूर. इमारत नवी, काचेची दारं, वसतिगृहाला उंच भिंत, लहान मुलांच्या उपचाराची खोली रंगीत आणि स्वच्छ. मी मनात बरोबरच्या खुणा करत चालले होते. एका तरुण शिक्षिकेने दिराला खुर्ची दिली आणि विचारलं, काका, पाणी घेणार का? दिराला ती आवडली. कुणी सरळ त्याच्याशी बोललं की त्याला आवडतं. तो हसला, तिचं मनगट धरलं आणि मोठ्याने म्हणाला, "तोडतो."

ती किंचाळली. दारातला रखवालदार धावला आणि त्याने मागून दिराच्या मानेला हात घातला. दुसऱ्याने त्याचा उजवा हात, तोच अधू हात, पाठीमागे पिरगळला. दीर ओरडला, आणि ओरडला म्हणजे तोच शब्द ओरडला, त्यामुळे त्यांनी आणखी जोर केला. त्याचं कपाळ काचेच्या दाराच्या पोलादी मुठीवर आपटलं आणि भुवई फुटली. जाऊ रखवालदाराच्या दंडाला चावली. खरंच चावली, रक्त येईपर्यंत. मुलगी मधे घुसली तर तिच्या गालावर कोपर बसलं. मी माझी पर्स दोन्ही हातांनी धरून एकाच्या पाठीत घालत होते. लहान मुलांच्या आया आपापली पोरं उचलून पळाल्या.

शांत झाल्यावर विभागप्रमुख आले. माणूस वाईट नव्हता. जखमेवर पट्टी करवली, पण म्हणाले, पेशंट हिंसक असेल तर आधी कळवायला हवं होतं. त्यांच्याकडे मुख्यतः लहान मुलं येतात, अशी मोठी माणसं क्वचित.

जाऊ पदराने तोंड पुसत म्हणाली, "हिंसक ह्ये न्हाईत, साहेब. हिंसक हाय त्यो गावात चहा पिऊन राहिला."

परत येताना मुलगी गालाला बर्फ लावून बसली होती. मी म्हटलं, झालं ते वाईट झालं, पण घरापासून जवळ आहे, वसतिगृह चांगलं आहे, निकाल चांगले आहेत. ती हो म्हणाली. मलाही तेव्हा लातूरच ठरलं असं वाटलं होतं.

रविवारी सकाळी चुलत दीर ट्रॅक्टर घेऊन आमच्या फाटकासमोर थांबला. इंजिन बंद केलं नाही. दिराच्या भुवईवरची पट्टी बघून त्याला हसू आलं. लातूरची बातमी त्याच्याकडे आमच्या आधी पोचली होती.

"वहिनी," तो मला म्हणाला, "पोरगी ह्याला बोलाया शिकवायची शाळा बघून राहिली म्हणं. लई चांगलं. पण बोलाया लागला तर डोक्याची दुसरी बाजू अजून रिकामी हाय, एवढं ध्यानात ठिवा."

दीर ओट्यावरून "तोडतो" म्हणाला. चुलत दिराने खिशातून मोबाइल काढला आणि त्याच्यावर रोखला. तेवढ्यात माझा नवरा गोठ्यातून लोखंडी पहार घेऊन आला. त्याचं तोंड मी लग्नानंतर कधी असं पाहिलं नव्हतं. पहिला घाव ट्रॅक्टरच्या दिव्यावर बसला, काच रस्त्याभर उडाली. दुसरा माणसावर बसणार होता. मी पहारीला लटकले. शब्दशः लटकले, माझे पाय जमिनीवरून सुटले आणि तळहाताची सालटं निघाली. जाऊने माझ्या नवऱ्याची कंबर धरली. चुलत दीर हसतच होता आणि मोबाइल चालू होता. तो गेल्यावर नवरा गोठ्यात जाऊन भिंतीवर डोकं आपटत राहिला. मी पहार उचलून माझ्या पलंगाखाली ठेवली. ती अजून तिथेच आहे.

मंगळवार, नांदेड. हजर तेच चौघं. चाकूर, अहमदपूर, लोहा या रस्त्याने गेलो. जाऊ वाटभर म्हणत होती की आता त्यांना गाडीतच बसू द्या, अक्का. मी या वेळी आधी फोन केला होता, शब्दही सांगितला होता. पलीकडून उत्तर आलं होतं, घेऊन या.

कॉलेज एका इस्पितळाच्या मागे, जुन्या इमारतीत. भिंतीचे पोपडे निघालेले, वसतिगृह नाही, पंखा आवाज करतो. माझ्या हिशेबात नांदेड पायरीवरच हरलं होतं. विभागातल्या मुख्य बाई नांदेडच्याच, जुन्या मुसलमान घरातल्या, साठीकडे झुकलेल्या. त्यांनी दिराला विचारलं, तुमचं नाव काय?

जाऊने नाव सांगितलं. गाव कोणतं? ते मी सांगितलं. जेवण झालं का? झालं, वाटेत लोह्याला, असं मुलीने सांगितलं.

बाई म्हणाल्या, "माशाल्ला, विचारते एकाला, बोलतात तिघी. तुम्ही तिघी बाहेर."

जाऊ उठेना. ती म्हणाली, यांना माझ्याशिवाय कुणाचं समजत नाही. बाईंनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं आणि कडी लावली. जाऊने दारावर हात आपटले, मग डोकं. आतून "तोडतो" आलं, पुन्हा आलं, मग खुर्ची भिंतीवर आदळल्याचा आवाज. बाहेर बाकावर बसलेले विद्यार्थी उठलेही नाहीत. मी आणि मुलगी खिडकीला चिकटलो.

दिराने डाव्या हाताने खुर्ची फेकली होती. बाई भिंतीशी उभ्या होत्या, कुणाला हाक मारली नव्हती. त्यांनी खुर्ची उचलून त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती पुन्हा फेकली. या वेळी पाय त्यांच्या नडगीला लागला, त्या कळवळल्या, लंगडत गेल्या आणि खुर्ची पुन्हा आणून ठेवली. मग समोर बसल्या. दीर बराच वेळ उभा होता. मग बसला आणि टेबलावर मूठ आपटत लहान पोरासारखा रडला.

त्या मुठीलाच बाईंनी कामाला लावलं. मूठ म्हणजे नाही, उघडा पंजा म्हणजे हो. मान हलवून तो हो-नाही सांगायचा तेव्हा नेहमी उलटसुलट व्हायचं, म्हणून आम्ही विचारणं कधीच सोडलं होतं. आत त्यांनी विचारलं, तुम्ही बाईमाणूस आहात का? बराच वेळ गेला. मूठ. आणि दीर हसला. आत्ता रात्र आहे का? मूठ. हे नांदेड आहे का? पंजा.

दार उघडलं तेव्हा चहा आला होता. जाऊने डोळे पुसले, कपात नेहमीसारखी दोन चमचे जास्तीची साखर घातली आणि बाईंच्या सांगण्यावरून पहिल्यांदाच विचारलं, "गोड लागतो ना तुमाला?"

मूठ.

"न्हाई?" जाऊ म्हणाली. "मंग इतकी वर्सं पिऊन का राहिला?"

यावर सगळेच हसले, विद्यार्थीसुद्धा. जाऊ मात्र दुखावली आणि लोह्यापर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

निघताना बाईंनी मुलीला सरळ सांगितलं की इथे अपघाताची, लकव्याची, मारामारीची माणसं येतात, चिडतात, हात टाकतात. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचं बोट मोडलं होतं. तुझ्या काकाला वाचा येईल असा शब्द मी देत नाही. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या की हो-नाही पक्कं होईपर्यंत मारहाणीचं काही विचारायचं नाही. पक्कं झाल्यावरही पहिला प्रश्न तो नाही. पहिला प्रश्न, त्याबद्दल तुम्हाला सांगायचं आहे का.

लोहा गेल्यावर मुलगी म्हणाली, "आई, नांदेड."

मी हरकती सांगितल्या. वसतिगृह नाही, घर लांब, बोटं मोडतात. आणि खरी हरकत होती ती सांगितलीच नाही: नांदेडला उपचार झाले तर काका साक्ष देईल आणि काकाने साक्ष दिली तर दुसरी बाजू रिकामी आहे. तिला ती माहीत होती.

"काकाने खुर्ची दुसऱ्यांदा फेकल्यावर त्यांनी काय केलं ते बघितलंस ना," ती म्हणाली. "मला ते शिकायचंय." तिचा गाल अजून निळा होता. मी पुढे वाद घातला नाही.

त्यानंतरची कामं मी एकेक करून उरकली. प्रवेश पक्का केला. विष्णुपुरीच्या रस्त्यावर एका शिक्षिकेच्या घरी मुलीसाठी खोली मिळाली. दिराला दर आठवड्याला नांदेडला न्यायची बस ठरली, जाऊ सोबत जाते. फाटकावर कॅमेरा बसवला. पेरणी नवऱ्याने पुरी केली, धुऱ्यावर खुणेचे दगड मोजणीवाल्यांकडून पुन्हा रोवून घेतले. चुलत दिराने त्यातला एक रात्रीतून उपटून आमच्या विहिरीत टाकला, तो काढून पुन्हा रोवला. वकिलांना मूठ आणि पंजा सांगितलं. ते खूश झाले, कोर्टात इशाऱ्याची साक्ष चालते म्हणाले, तारीख जवळ आली की आणा.

दिराचं हो-नाही आता पक्कं झालंय, बाईंनी मागच्या आठवड्यात तसं सांगितलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही त्याच्याभोवती बसतो आणि भाजी कोणती करू ते विचारतो. नवरा म्हणतो, साक्षीचं तूच विचार. जाऊ म्हणते, पंजा दाखवला तर मी विधवा होईन, अक्का. मूठ दाखवली तर माझा नवरा पलंगाखालच्या पहारीला हात घालेल, हे मला दिसतं. मुलगी फोनवर रोज विचारते, झालं का, आणि मी म्हणते, उद्या.

दिराला विचारायचं: साक्ष द्यायची आहे का. बाकी.