वरच्या शाळेतली रिकामी जागा

दुपारचं जेवण झालंय. अंगणातल्या बाजेवर मी आडवा. डोळा लागतोय न लागतोय तोच बाज गचके देत चालायला लागते. बघतो तर मी एसटीत, आणि शेजारच्या सीटवर मुलाणी गुरुजी.

आता मुलाणी जाऊन बराच काळ लोटलाय. त्याच्या कबरीवर मूठभर माती मी स्वतः टाकलीय. कसंबसं विचारतो, तू इथं कसा? तो म्हणतो, ड्युटीवर.

एसटीची मागची काच काळी पडत फळा होते, सीटा जमिनीला टेकतात, आणि ही आमची शाळाच. एक खोली, चार वर्ग, दोन मास्तर. आम्ही पाठीला पाठ लावून शिकवायचो. माझ्यासमोर पहिली-दुसरी, त्याच्यासमोर तिसरी-चौथी. एक बोलायला लागला की दुसऱ्यानं पोरांना लिहायला बसवायचं. आणि मुलाणीचा एक कडक नियम : बाहेर जाणाऱ्यानं ‘वर्ग सांभाळ’ म्हणायचं, दुसरा ‘सांभाळला’ म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. पोटात कितीही कळ येवो.

आज मात्र खिडकीबाहेर नुसतं धुकं. आणि पोरांच्या जागी आमच्या गावचे वारलेले पाटील, पाटीवर ‘ग’ गिरवताहेत. मागं बसलेला न्हावी त्यांच्या टोपीला टिचक्या मारतोय, तोही केव्हाच गेलेला.

मुलाणी कानाशी येतो. “इथंही दोन मास्तरांचीच शाळा. एक जागा रिकामी आहे. साहेबांनी विचारलं, जोडीला कोण पाहिजे. मी तुझं नाव दिलं.”

“मला विचारायचंस तरी.”

“तू नाही म्हणाला असतास.”

मग मी त्याचाच नियम त्याच्यावर उलटवतो. रिटायर झालो तरी गावच्या शाळेत रोज हौसेनं जातो, हे त्याला सांगतो. तिथं लोहार मॅडम एकटी, चारही वर्ग तिच्या गळ्यात. ती अक्षरं शिकवते, खिचडी शिजवणारी शेवंतामावशी रडणाऱ्यांना मांडीवर घेते आणि उरलेल्यांना मी थापा मारून बसवून ठेवतो. तेव्हा माझाही वर्ग आहे, आणि तो कुणी सांभाळल्याशिवाय मला हलता येत नाही.

वाटतं, वाचलो. तेवढ्यात दारात लोहार मॅडमच उभी. मी चहाला निघालोय असं तिला वाटतंय. मुलाणी गोड आवाजात म्हणतो, यांना जरा बाहेर नेतोय, वर्ग सांभाळाल ना?

मी बोंब ठोकायला तोंड उघडतो. या पोरीनं आजवर मला कशालाच नाही म्हटलेलं नाही. ती हसते.

“सांभाळते की. फक्त मगरीचं पुढं काय झालं तेवढं सांगून जा, गुरुजी. पोरं मलाच विचारणार.”

मुलाणी गर्रकन वळतो. “कुठली मगर? तू डबा घेऊन जिच्या पाठीवर बसून कृष्णा ओलांडलीस ती?”

“तीच.”

“नदीच्या मधोमध थांबून तिनं विचारलं, डब्यात काय आहे. दरवर्षी मी तिथवरच ऐकायचो. नेमके तेव्हाच माझ्या पोरांचे पाढे सुरू व्हायचे.”

पाटलांची पेन्सिल थांबलीय. सगळी खोली माझ्याकडं बघतेय. डब्यात काय होतं ते मलाही ठाऊक नाही, पण हे तिथं कोण कबूल करतो.

“ते उद्या सांगणार होतो,” मी म्हणतो.

मुलाणी मला न्याहाळतो. “पोरांना अर्ध्यावर सोडायचं नाही. जा, सांग. गोष्ट संपली की येतो.”

आणि पाठीत असा धक्का देतो, की मी बाजेखाली.

सून धावत येते, हाताला धरून उठवते. माझी पाठ झटकायला जाते आणि तिचा हात थबकतो. “आबा, हे काय?”

सदरा काढून बघतो. दोन्ही खांद्यांच्या मधोमध खडूच्या भुकटीतला पंजा, पाचही बोटं उमटलेली. माझा स्वतःचा हात तिथवर पोचत नाही.

झटकू का, ती हळूच विचारते.

“राहू दे,” मी म्हणतो. “आधी इथं बस. नदीत मगर थांबलीय. तिला अजून थांबवून धरायचं, तर काय काय करता येईल, तूही जरा सुचव.”