शेवट न सांगणारा माणूस

पंख्याचं एक पातं पुसून झालं होतं आणि दोन राहिली होती, तेवढ्यात फोन वाजला. निर्माता स्टुलावर उभा होता. हातात ओलं फडकं, केसांत धूळ पडू नये म्हणून डोक्याला बायकोची जुनी ओढणी गुंडाळलेली, आणि खाली बायको दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी. साठीला आलेल्या नवऱ्याला तिने पंख्याशी नेऊन भिडवलं होतं, कारण नऊ वर्षांत मंगळवारी सकाळी अकराला तो घरात सापडला होता तो आजच. सलग तिसरा दिवस तो घरी होता. तिने विचारलं नव्हतं. सुट्टी देवाने दिली असेल तर ती कामाला लावावी, एवढंच तिने ठरवलं होतं.

"मॅनेजरचा आहे," फोन बघून ती म्हणाली आणि स्पीकर लावून वर धरला.

"साहेब, माईंचा परत फोन. उद्या गाडी किती वाजता, विचारतायत."

"मग काय म्हणालास?"

"कळवतो म्हणालो. कालही तेच म्हणालो, परवाही तेच. तुम्ही सांगितलंत ना त्यांना?"

निर्मात्याने फडकं घडी केलं. "मला वाटलं तू सांगितलंस."

"मी कसा सांगेन साहेब? कलाकारांना सांगायचं नाही, हा नियमच तुमचा. तुम्ही शनिवारी सगळ्यांना गोळा करून सांगितलंत, तेव्हा माई नव्हत्याच. त्यांचं काम गुरुवारीच उरकलं होतं."

"बरं. बघतो."

"आज सात वाजता बघा म्हणजे झालं. सातच्या भागाखाली चॅनल पट्टी टाकणार आहे, अंतिम आठवडा म्हणून. माई रोज लावतात टीव्ही."

फोन बंद झाला. बायकोने स्टूल सोडलं होतं.

"कसला अंतिम आठवडा?"

"मालिका संपली. शनिवारी शेवटचं शूटिंग झालं."

"मलाही नाही सांगितलंत?"

"कुणालाच सांगत नाही मी."

"मी रोज पहाटे उठून मालिकेतल्या त्या घरासाठी प्रार्थना करते," बायको सावकाश म्हणाली. "त्या धाकटीला मूल होऊ दे म्हणून दोन वर्षं मागणं मागतेय. आणि तुम्ही घर पाडून इथे पंखा पुसताय. उतरा खाली."

तो उतरला. एकदा त्याला असंही वाटून गेलं, की आता काहीतरी वाटायला हवं. पण आत काही हललं नाही. दात काढल्यावर गालाला हात लावावा आणि गाल दुसऱ्याचा असावा, तसं त्याचं बरीच वर्षं चाललं होतं.

परमेश्वर एकेकाला एकेक गुण देऊन पाठवतो. या माणसाला त्याने दिलेला गुण म्हणजे जे नाही ते सकाळी सातला हजर करणं. लोकांना वाटतं निर्माता म्हणजे सिगार ओढत पैसे लावणारा. हा तसा कधीच नव्हता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. विसाव्या वर्षी एका जाहिरातपटाच्या कंपनीत सामानाच्या पेट्या उचलायला लागला. पांढरा घोडा हवा, आणा. शस्त्रक्रियेचं टेबल हवं, आणा. उन्हाळ्यात धुकं हवं, तेही आणा. एकदा दिग्दर्शकाने रडणारं तान्हं बाळ मागितलं आणि जे आणलं ते हसायचं थांबेना. तेव्हा हा तासाभरात दुसरं घेऊन आला, त्याच्या आईसकट आणि त्या आईच्या सासूसकट, कारण सासू एकटीला सोडायला तयार नव्हती. हातातलं एक संपलं की हा म्हणायचा, "चला, पुढचं." युनिटमध्ये त्याला पुढचेसाहेब म्हणायला लागले ते तेव्हापासून. वडील गेल्याचा फोन सेटवर आला, तेव्हाही तो जाऊन सगळं उरकून दुसऱ्या दिवशी दुपारच्या शिफ्टला हजर होता आणि म्हणाला होता, "चला, पुढचं." तेव्हा कुणी हसलं नाही.

चाळिशीत त्याने स्वतःचा एक चित्रपट काढला. टपाल वाटणाऱ्या एका बाईची साधी गोष्ट. त्यात घोडा नव्हता, धुकं नव्हतं, आणि ती त्याच्या मनातली होती. चित्रपट चार दिवस चालला. चौथ्या दिवशी तो स्वतः थिएटरात जाऊन बसला. अकरा माणसं होती. मध्यंतरात शेजारचा गृहस्थ म्हणाला, "गारवा बरा आहे हो इथे. बाहेर फार उकडतंय." याने मान हलवली. उरलेला चित्रपट त्याने पाहिला का, हे त्याला पुढे आठवेना. त्यानंतर आपण काढलेली कुठलीही गोष्ट तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघत नसे. आकडे बघे, तारखा बघे, कोण आलं आणि कोण नाही ते बघे.

मग मालिका सुरू झाल्या आणि तो नियमही. पहिल्या मालिकेचा शेवट त्याने भाबडेपणाने पंधरा दिवस आधी सांगून टाकला होता. दुसऱ्या दिवसापासून सगळे नट प्रत्येक प्रवेशात गहिवरायला लागले. चहा मागायच्या प्रवेशातही नायिकेचे डोळे भरून येत. नायकाने दुसरीकडे काम धरलं, त्या कामासाठी डोक्याचा गोटा करून आला आणि शेवटचे तीन भाग त्याला टोपी घालून पाठमोरा चालवावा लागला. तेव्हापासून शेवट फक्त तिघांना माहीत. चॅनल, लेखक आणि तो. मॅनेजरलाही अखेरच्या आठवड्यात कळायचं. शेवटचा शॉट झाला की तो सगळ्यांना चहा-बिस्किटांना बोलावे आणि खिशातल्या कागदावरून आभार वाचून दाखवी. चार मालिका अशाच बंद झाल्या. लोक त्या क्षणी रडत, मग पांगत. यात काही वाईट आहे असं त्याला वाटलं नव्हतं. कपडे वाळले की दोरी सोडावी, तसं.

"माई म्हणजे आपल्या सासूबाईच ना?" बायकोने पाण्याचा ग्लास पुढे केला. "मालिकेतल्या? त्यांना सांगायला एवढं अवघड काय आहे?"

निर्माता पाणी प्यायला. मग चार महिन्यांपूर्वीचं सांगितलं. हिशेबाचं पत्रक वाचावं तशा आवाजात.

माईंचं वय अठ्ठ्याहत्तर. मूल नाही. तिसऱ्या मजल्यावर पुतण्याच्या घरात राहतात. जिना उंच, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. रोज सकाळी कंपनीची गाडी यायची, ड्रायव्हर वर जाऊन हात धरून उतरवायचा आणि संध्याकाळी तसाच वर सोडायचा. चार महिन्यांपूर्वी माई त्याच्या खोलीत एक पत्र घेऊन आल्या होत्या. शहराबाहेर ज्येष्ठांसाठी एक निवास आहे. तळमजला, दारापुढे झाडं, हाक मारली की नर्स. तीन वर्षं त्यांचं नाव तिथल्या यादीत होतं आणि आता सात नंबरची खोली रिकामी झाली होती. पण ते ठिकाण स्टुडिओपासून फार लांब. तिथे राहून रोजचं काम जमणार नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं, "साहेब, मला काम सोडवत नाही. पण खरं सांगा, किती दिवस चालणार आहे? दोन-तीन महिनेच असेल तर मी आत्ता तिकडे जाते."

"आणि तुम्ही?"

"म्हणालो, वर्षभर तरी हलत नाही."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"सोमवारी चॅनलने कळवलं होतं. त्या बुधवारी आल्या."

बायको खुर्चीवर बसली. म्हणाली, "खोली गेली असेल."

"दुसऱ्याला दिली. नाही म्हटलं की नाव यादीतून काढून टाकतात त्यांच्याकडे."

"मी तुमच्यासाठीही प्रार्थना करते," बायको म्हणाली, "पण चप्पल देव घालून देत नाही. निघा."

"ओढणी काढा आधी," तो दाराशी पोहोचल्यावर तिने मागून सांगितलं.

पुतण्याचं घर जुन्या चार मजली इमारतीत होतं. नऊ वर्षं गाडी इथे यायची आणि तो एकदाही आला नव्हता. पायऱ्या अठ्ठावन्न भरल्या. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. ती माईंना दम खायला ठेवली असणार, हे त्याला तीवर टेकल्यावर कळलं.

दार पुतण्याच्या बायकोने उघडलं. "या. त्या तयारच आहेत."

बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी कॉट, तिला चिकटून पुतण्याच्या मुलीचं अभ्यासाचं टेबल, टेबलाखाली माईंची बॅग. माई इस्त्रीच्या साडीत, केस बांधून, पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"अरे वा. पुढचेसाहेब स्वतः. ड्रायव्हर आजारी वाटतं?"

"नाही माई."

"मग बसा. कॉटवरच बसा, खुर्ची नातीची आहे आणि ती फार हिशेबी आहे." आतल्या बाजूला आवाज देऊन त्या म्हणाल्या, "सूनबाई, चहा जमेल का? साहेबांना साखर कमी."

आतून भांड्याचा आवाज आला. माई हळू आवाजात म्हणाल्या, "चांगली आहेत दोघं. मी दिवसाचे बारा तास घरात नसते म्हणून जास्तच चांगली आहेत. हे पाच दिवस मी घरात आहे, तर कालपासून जरा भांडी वाजायला लागली आहेत. बोला, उद्या किती वाजता?"

"उद्या नाही माई. मालिका संपली. शनिवारी शेवटचं शूटिंग झालं."

माईंनी पर्स मांडीवरून काढून शेजारी ठेवली. चेहरा जराही हलला नाही. चाळीस वर्षांचा सराव होता तो.

"माझं शेवटचं काम कोणतं झालं मग?"

त्याला तारीख आठवली, प्रवेश क्रमांक आठवला. "गुरुवारी. तुम्ही उशांना अभ्रे घालताय आणि धाकट्याला विचारताय, जेवायला घरी आहेस का."

"हं. दोन टेकमध्ये झालं होतं. दुसऱ्यात एक अभ्रा उलटा गेला होता, मी म्हटलं जाऊ दे, उद्या कोण बघतंय. शेवटचं आहे म्हणून सांगितलं असतंत तर सरळ घातला असता."

"सांगितलं की लोक नीट काम करत नाहीत."

"अभ्र्याचं म्हणतेय मी."

चहा आला. सूनबाई ट्रे ठेवून तिथेच घुटमळली. मग आत गेली. माईंनी कप उचलला नाही.

"सात नंबरच्या खोलीचं मी विचारलं, तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

इथे खोटं बोलायला जागा होती. तेव्हा नव्हतं माहीत, नंतर कळलं, असं म्हणता आलं असतं आणि बाईंनी ते मानलंही असतं. तेवढी माया त्यांची त्याच्यावर होती.

"हो. दोन दिवस आधी कळलं होतं."

"चेहऱ्यावर काही दिसलं नाही तुमच्या. समोरचा खोटं बोलतोय का, हे ओळखण्यावर माझं पोट चाललं आजवर. तुम्ही चुकून निर्माता झालात."

त्याने मान खाली घातली. फरशीवर नातीची पेन्सिल पडली होती. ती उचलून त्याने टेबलावर ठेवली. छातीत काही दाटून येईल म्हणून वाट पाहिली. ते आलं नाही.

"पुढच्या मालिकेत एक आजी आहे," तो म्हणाला. "मी बोलतो चॅनलशी."

"साहेब, मला आजी नको. मला जिना नको आहे. गाडी नाही म्हणजे माणूस नाही, माणूस नाही म्हणजे मी आता खाली उतरत नाही. पुतण्या सकाळी सातला जातो. सूनबाईला पाठीचा त्रास. मी या खिडकीशी बसणार आणि त्या टेबलाशी नात अभ्यास करणार, आणि दोघींनाही एकमेकींची अडचण होणार. वर्षभरात ती मला म्हातारी म्हणायला लागेल. आत्ता मोठी आजी म्हणते, टीव्हीत दिसते म्हणून."

हे त्यांनी अगदी सपाट सांगितलं. रडल्या असत्या तर त्याला काय करायचं ते माहीत होतं. रडणाऱ्यांना पाणी द्यायचं, खांद्यावर हात ठेवायचा, कागदावरचं वाचायचं. आज तर खिशात कागदही नव्हता.

"मी काय करू, सांगा," तो म्हणाला. असं त्याने कुणाला बऱ्याच वर्षांत विचारलं नव्हतं.

माईंनी बॅग ओढायला सांगितली. आतून निवासाचं ते पत्र काढलं, घडी मोडून सरळ केलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "कार्यालय पाचपर्यंत. अर्ज स्वतः जाऊन द्यावा लागतो, नाहीतर नातेवाइकाने. तुम्ही जा. नाव परत घाला."

"शेवटी घालतील."

"घालू देत. तीन वर्षं थांबलेच होते मी, मला थांबता येतं. पण तिथल्या बाई विचारतील, मिळालेली खोली का सोडली म्हणून. लहरी म्हातारी म्हणून माझी नोंद झालेली असणार. तेव्हा तुमच्या तोंडाने सांगा खरं काय झालं ते. मला फोनवर ऐकवा हवं तर."

"सांगतो."

"आणि सात वाजता त्या पट्टीत काय लिहिणार आहेत?"

तो चमकून वर बघायला लागला.

"मॅनेजर बोलला नाही काही," माई म्हणाल्या. "काल प्रोमो बघितला. धाकटीला मूल होणार म्हणे. नऊ वर्षं झालं नाही ते एका आठवड्यात होतंय म्हटल्यावर मला कळायला नको? आणि शेवटच्या आठवड्यात चॅनल पट्टी टाकतंच. तरी आज तयार होऊन बसले. म्हटलं, कोण येतंय बघू."

त्याने चहा संपवला. कप आत नेऊन ठेवला तेव्हा सूनबाई ओट्याला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पत्र पावसापाण्यात भिजू नये म्हणून तिने त्याला एक प्लास्टिकची पिशवी दिली.

जिना उतरताना त्याने बायकोला फोन लावला.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"त्यांना अंदाज होता."

"आणि तुम्हाला? तुम्हाला कसं वाटतंय?"

तो दुसऱ्या मजल्यावर थांबला. नीट विचार केला, कारण तिने नीट विचारलं होतं. "काही नाही वाटत," तो म्हणाला. "पाय दुखतायत."

"बरं," बायको म्हणाली. "जेवायला थांबते मी."

"नको. तू जेवून घे. मला पाचच्या आत निवासाच्या कार्यालयात जाऊन माईंचं नाव यादीत घालायचं आहे."