दोन बोटांची फट

नदीकाठी लोकांना बसायला मंडप बांधायचा होता. आर्किटेक्टबाई भारी हट्टी. लाकडी खांब आणि काँक्रीटचा चौथरा यांच्यात त्यांनी दोन बोटांची फट ठेवली आणि मध्ये खांब पेलणारा पोलादी बूट बसवला.

"खांब थेट टेकवला तर काय बिघडतं?" सुतारकाका कुरकुरले.

"काँक्रीट ओल धरतं, लाकूड ती पितं आणि कुजतं. दोघांना चिकटू द्यायचं नाही. भार मधल्यानं सोसायचा."

"हे कॉलेजात शिकवतात?"

"छे! माझ्या घरी आई आणि सासूबाई एकत्र राहतात. मधलं पोलाद मी."

मंडप उभा राहिला. दोघी म्हाताऱ्या बघायला आल्या, एकाच बाकावर खेटून बसल्या, खांबाकडे बघून नाकं मुरडली आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका सुरात म्हणाल्या, "अगं, ही फट बुजवायची राहिली की!"