दोर सोडायला गेलो तेव्हा

माझ्या विश्वासाबद्दल मला कधी शंका आली नाही. यायची ती दुसऱ्यांच्या विश्वासाबद्दल. जिंतूरकडच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा मी चिटणीस, त्यात निवृत्त मास्तर. चूक दिसली की हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जायचा. लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडून झालेला बाप्तिस्मा पुरेसा आहे, असं आम्ही मानतो. गावात दुसरी मंडळी निघाली, ती म्हणते, मोठेपणी समजून-उमजून पाण्यात पूर्ण बुडाल्याशिवाय तो खरा नाही. आमच्यातल्या सारूबाई, साठी ओलांडलेल्या विधवा, तिकडे जाऊन बुडून आल्या. मी भर उपासनेत उठून विचारलं, "पहिलं पाणी देवाला कमी पडलं होतं का?" लोक हसले. सारूबाई मान खाली घालून गेल्या, त्या पुन्हा आमच्या उंबऱ्यावर आल्याच नाहीत. मी मात्र त्या दुपारी एक भाकरी जास्त खाल्ली.

गेल्या हिवाळ्यात कळलं, येत्या रविवारी त्या मंडळीचा बाप्तिस्मा गावाबाहेरच्या एका शेततळ्यात आहे, आणि त्यात माझा सख्खा पुतण्या! माझं डोकंच फिरलं. तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला, वर शेवाळ. आत गेलेला माणूस दोराशिवाय बाहेर येत नाही, म्हणून काठावर खुंटीला एक जाड दोर बांधलेला असतो. दोरच नसला तर उतरेल कोण? शनिवारी दुपारी मी निघालो. वाटेत प्रार्थनाही केली. काय मागितलं ते लिहायला लाज वाटते. यश मागितलं.

चपला काठावर नीट जोडून ठेवल्या. गाठ सोडली, दोर खांद्यावर घेतला, आणि आत लोंबणारं टोक ओढून घ्यायला वाकलो. पुढचं मला एवढंच आठवतं की आकाश पायाखाली होतं.

मला पोहता येत नाही. नाकातोंडात पाणी गेलं. कागदाची एक चुणी बोटांत सापडली, तिला लटकलो. पाय मारला की घसरायचो, घसरलो की अजून पाय मारायचो. दोर माझ्याच काखेत अडकलेला, पण हात सोडून तो फेकणार कुठे आणि कोणाकडे? पाठ केलेली वचनं शेकड्यांनी, एकही आठवेना. "बापा" एवढाच शब्द तोंडातून निघत होता. हात बधिर झाले. आता सुटणार, हे मला शांतपणे कळलं, आणि त्या शांतपणाचीच जास्त भीती वाटली.

तेवढ्यात वरून आवाज आला, "मास्तर! झाडू नका हातपाय! गप ऱ्हावा!"

सारूबाई होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जवळ ना बांबू, ना माणूस. मग त्या बाईनं जे केलं त्यानं मी बुडत असतानाही हादरलो. अंगावरची साडी त्यांनी भराभरा सोडली, एक टोक कुंपणाच्या लोखंडी खांबाला बांधलं, दुसरं माझ्याकडे फेकलं. परकर-पोलक्यावर, उघड्या माळावर, माझ्यासमोर.

"खाली काय बघता? धरा! मनगटाला गुंडाळा. जोर लावू नका, आधी नुसतं धरा!"

मी धरलं. धडपड थांबवली तसे पाय कागदावर टेकले. इंच इंच करत वर आलो आणि काठावर पालथा पडलो. त्यांनी मला तोंड फिरवायला सांगितलं आणि ती ओली, फाटलेली साडी अंगाला गुंडाळली.

माझ्या काखेतून दोर अजून लोंबत होता. मी खोटं बोलायला तोंड उघडलं. "सारूबाई, मी आपला सहज..."

"दोर सोडताना बगितलं मी तुमाला," त्या म्हणाल्या. "पालमला लेकीकडं निघालते, यष्टी चुकली. परत येताना दिसलात. हा मास्तर काय करायलाय म्हणून पेटलेच. लय शिव्या द्यायच्या होत्या, म्हणून तर पळत आले."

माझ्या पापाकडे बघत धावत आलेली बाई, शिव्या तोंडातच ठेवून साडी सोडते. एसटी चुकली नसती तर? त्यांना राग आला नसता तर? मी या प्रश्नांची उत्तरं मांडत बसत नाही. मला ती पेलत नाहीत.

रविवारी आमच्या उपासनेत उभा राहून सगळं सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही. सोमवारी नवी साडी घेऊन सारूबाईंच्या दारात गेलो. त्यांनी घडी उलगडली. "रंग तुमीच निवडला वाटतं? मास्तरीणबाईंना सोबत न्यायचं की." आणि ताट वाढलं.

बाप्तिस्म्याबद्दल माझं मत आजही तेच आहे, त्यांचं त्यांच्यापाशी. त्या दिवशी त्यांनी मलाच सांगितलं, "करा प्रार्थना." माझी जेवणाआधीची प्रार्थना लांबलचक म्हणून प्रसिद्ध, मुलांचं वरण गार व्हायचं. मी डोळे मिटले. "बापा," म्हणालो, आणि पुढे हुंदकाच आला.

सारूबाईंनी ताट माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "आमेन. जेवा आता."