टर्बोला बांधलेली तार

सोमाटण्याच्या माझ्या मिस्त्रीने मला फसवलं, आणि मावळात हे दुसऱ्या कुणाला आजवर जमलेलं नाही. हमाली करत मी स्वतःची जीप घेतली, भाड्याच्या घासाघिशीत भल्याभल्यांना घाम फोडला. पण या माणसापुढे माझं काही चालायचं नाही. मालकाची तक्रार तो ऐकूनच घ्यायचा नाही. "गाडी सांगंल, तुमी गप बसा." आधी बॉनेटवर हात ठेवायचा, मग मालकाच्या मनगटावर. "दोगं बी तापलाय. गार व्हा, मंग बगू." पुण्याच्या एका वकिलाला त्याने असंच दुपारभर बाकावर बसवून ठेवलं होतं. मला तर दर वेळी.

एकदा गाडीचा अंदाज घ्यायला तो माझ्या शेजारी बसला. लोहगडाच्या चढावर मागून कुणीतरी हॉर्न मारत पुढे गेला. मी पेटलो, आणि दरीच्या वळणावरच त्याला मागे टाकलं. वर पोचल्यावर मिस्त्री उतरला आणि खाली भाजे गावापर्यंत पायी गेला.

त्यानंतर जीपचा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, रुसला. टर्बोचा जादा दाब सोडणारं एक झाकण असतं, ते हलवणारी दांडी एका डबीतून येते. झाकण उघडं राहिलं की इंजिनात जोर भरत नाही. मिस्त्री दांडीला तेल सोडायचा, पंपाने डबीत हवा भरून बघायचा, मान हलवायचा.

"जुनं इंजान हाय भाऊ. दांडी अडकतीया. दमानं चालवा."

"मग नवी डबी बसव की."

"मिळत न्हाई."

चढावर सगळे मला मागे टाकू लागले. नेहमीची गिऱ्हाइकं दुसऱ्या जीपमध्ये बसू लागली.

यंदा मिस्त्री छातीत कळ येऊन गेला. गाडी तळेगावच्या एका मेकॅनिककडे नेली. त्याच्या दुकानात तसल्या डब्या खिळ्याला टांगलेल्या होत्या. बॉनेट उघडून तो वाकून बघत राहिला. "शेठ, डबी चांगली आहे. दांडी लोण्यासारखी फिरते. झाकण उघडं राहावं म्हणून ही तार कुणी बांधली?"

तार चकचकीत होती, गंजाचा ठिपका नाही. म्हणजे दर खेपेला मिस्त्री नवी बांधत होता.

"काढू का?"

"हात लावू नकोस."

माझा धंदा बसला, चारचौघांत हसं झालं. कुणाला विचारून बांधली, हे ज्याने बांधली त्यानेच येऊन सांगावं, माझ्या मनगटावर हात ठेवून सांगावं. तोवर ती कुणी सोडायची नाही.